घाटात उतरावं लागू नये म्हणून

आमच्या गाडीत मी जेवढी बसले, त्यापेक्षा जास्त तिच्या मागून चालले. हे खोटं वाटेल, पण कात्रजच्या जुन्या घाटानं पाहिलेलं आहे.

गाडी जुनी. छोटी, गोल पाठीची, डोळे वटारल्यासारखे दिवे असलेली. ती बनवणारी कंपनी कधीच बंद पडली. मालकांना ती नारायण पेठेतल्या एका डॉक्टरांकडून मिळाली. नवऱ्याला आमच्याकडे मालक म्हणतात, तेच इथं लिहिते. मालक त्या डॉक्टरांचे ड्रायव्हर होते. डॉक्टरांनी नवी गाडी घेतली आणि जुनी ह्यांना देऊन टाकली. "तुमच्या हाताला सरावली आहे, दुसऱ्याकडे रमायची नाही," म्हणाले. मोठ्या लोकांना असं बोलायला छान जमतं. खरं म्हणजे तिला चढ चढवत नव्हता.

माझं माहेर घाटाच्या पलीकडे. सासर धनकवडीला. तेव्हा इथं शेतं होती, आता इमारती आहेत, आणि त्यातल्याच एका इमारतीत तळमजल्यावर आम्ही राहतो. माहेरी लग्न असो, बारसं असो, मालक गाडी काढायचे. पुढे सासूबाई. मागे मी, माझा मुलगा, नणंदेची दोन पोरं आणि बोचकी. सपाटीला गाडी बरी पळायची. घाटातल्या वडाच्या वळणापर्यंत आलो की धापा टाकायला लागायची, पाणी तापायचं. मग मालक गाडी कडेला घ्यायचे, आरशात बघायचे आणि म्हणायचे, "उतरा."

ते 'उतरा' कोणाला असायचं हे सांगायला नको. सासूला कोण उतरवणार? पोरं लहान. मी उतरायची, मुलाला काखेत घ्यायची आणि बोगद्यापर्यंत चालत जायची. गाडी वर जाऊन थांबलेली असायची. मध्ये एसटी जायची आणि तिच्या खिडक्यांत माझ्याच गावची तोंडं असायची.

माझा थोरला भाऊ, दादा, तेव्हापासून मला एकच विचारतो. पहिल्यांदा त्यानं भर मांडवात विचारलं होतं, "काय गं, गाडी घेतली म्हणे तुम्ही? मग पाय एवढे धुळीनं भरले कशानं?" मांडव हसला. मीही हसले, दुसरं काय करणार. पण माझ्या माहेरी एखाद्या गोष्टीला एकदा हसू मिळालं की तिला जन्माची पेन्शन लागते. भाचीच्या लग्नात तेच, आईच्या दहाव्यालाही तेच. "बसून आलीस का पायी?"

मालक हे सगळं ऐकायचे आणि गप्प बसायचे. मला वाटायचं, त्यांना काही वाटत नाही.

पुढे मालक निवृत्त झाले. गाडी पार्किंगमध्ये आच्छादनाखाली गेली. मग मुलाचं लग्न झालं. सून विदर्भातली. मोटारीचा डिप्लोमा केलेली, चाकणला कारखान्यात इंजिनं जोडते. मुलगा कॉम्प्युटरवर असतो, त्याला सायकलची चेनही चढवता येत नाही. त्यांची जोडी कशी जमली ते त्यांनाच ठाऊक.

एका रविवारी सुनेनं आच्छादन काढलं आणि विचारलं, "बाबा, चालते का ही?"

"सपाटीला चालते."

"अन् चढावर?"

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. "चढावर हिला उतरावं लागतं."

सून हसायला लागली. माझं तोंड पाहिलं आणि थांबली. मग आमटीत मीठ घालू का, असं विचारावं तसं म्हणाली, "तर मोठं इंजिन टाकू ना, बाबा."

मालकांच्या तोंडावर जे आलं ते मी त्यांच्या तरुणपणातही पाहिलं नव्हतं. त्यांच्या डाव्या डोळ्यात काचबिंदू आहे. दिवसाउजेडी चालवायला डोळ्याच्या डॉक्टरांची हरकत नव्हती, पण संक्रांतीच्या सुमारास लायसन्सची मुदत संपत होती आणि नव्या कागदावर डॉक्टर सही करणार नाहीत हे त्यांना सांगून झालं होतं. त्या दिवशी दुपारी जेवताना मला म्हणाले, "एकदा तुला बसवून बोगद्यापर्यंत नेतो. मी स्वतः. मग किल्ली ठेवून देतो."

"मला कुठं जायचंय आता?" मी म्हणाले. पण जायचं होतं. दादाच्या दारात बसून जायचं होतं.

सुनेनं आधी आरटीओची परवानगी काढली. काम झाल्यावर तपासणी करून घ्यायची, असं ठरलं. मागून चेपलेल्या एका व्हॅनचं इंजिन टेम्पोतून आलं. लोखंडी पाइपांची तिकटी उभी करून त्यावर साखळीची पुली बांधली आणि जुनं इंजिन उचलून बाहेर काढलं. नवं लांबीला जास्त होतं. ते बसावं म्हणून रेडिएटर पुढे सरकवावा लागला, तरी पंखा आणि रेडिएटर यांच्यात दोन बोटांचीच जागा उरली. ज्या लोखंडी कानांवर इंजिन टेकतं आणि बोल्टानं धरलं जातं, त्यांना हे लोक फाउंडेशन म्हणतात. जुनं फाउंडेशन नव्या इंजिनाला जमेना. सुनेनं माझ्या पैठणीचा खोका फाडला, त्या पुठ्ठ्याचे आकार कापून गाडीत लावून पाहिले आणि तसेच लोखंडात करून आणले. पैठणी तेव्हापासून पिशवीत आहे.

काम रोज संध्याकाळी ती कारखान्यातून आल्यावर आणि रविवारी दिवसभर चालायचं. आणि तेव्हापासून मला घराबाहेर पडायची लाज वाटायला लागली.

मी लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर कधी खाली आला नाही. ते ओसरीत असले की मी मागच्या दारानं ये-जा करायची. आणि माझी सून मुलाची जुनी पँट घालून गाडीखाली उताणी पडलेली, पाय बाहेर, आणि तिच्या पायांशी सासरा स्टूल टाकून बसलेला.

"बाबा, सतराचा पाना."

"हा घे, पोरी."

"हा चौदाचा आहे."

"डोळा फसवतो गं."

"मग दुसऱ्यानं बघा ना."

आणि दोघं हसायचे. सासरा-सून असे मोठ्यानं हसलेले मी आमच्या घराण्यात ऐकले नव्हते.

वरच्या मजल्यावर एक बाई राहतात. सदाशिव पेठेतून इथं आल्या, पण जीभ तिथलीच घेऊन आल्या. मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "आपल्या सूनबाई हल्ली स्वयंपाकघरात दिसत नाहीत. पार्किंगमध्ये मात्र अर्ध्या दिसतात. बाकीच्या अर्ध्या बऱ्या आहेत ना?"

त्यांना उत्तर द्यायचं सोडून मी घरी येऊन सुनेला म्हणाले, "पाय तरी आत घेत जा. सासऱ्याकडे पाय करून पडतेस, लोक बघतात."

"आई, डोकं आत असलं तर पाय बाहेरच राहतील ना. उलटी झोपले तर बोल्ट काय पायानं आवळू?"

मग मी एक जुनं नऊवारी लुगडं काढलं आणि पार्किंगच्या दोन खांबांना पडद्यासारखं बांधलं. त्यानं झालं एवढंच की, जे येता-जाता बघायचे ते आता थांबून बघायला लागले. पडद्यामागे काय आहे असं लहान पोरं विचारायची आणि आत उजेड कमी पडतो म्हणून सून कुरकुरायची. पण मी पडदा काढला नाही.

नवरात्रात गाडी जागेवर सुरू झाली. आवाज भरदार होता. मालकांनी बॉनेटवर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले. सून म्हणाली इंजिन फार थरथरतं, फाउंडेशनचे रबर बदलावे लागतील. खंडेनवमीला तिला सुट्टी होती, तेव्हा सकाळीच तिनं बोल्ट काढून नवे रबर घालायला घेतले.

आमच्यात खंडेनवमीला अवजारं पूजतात. पूर्वी नांगराचा फाळ, कोयते, विळे, खुरपी असायची. जमीन गेली, आता एक विळा आणि एक खुरपं राहिलं आहे. पाटावर ते दोनच ठेवले की मला कसंतरी वाटतं. त्या दिवशी मी ठरवलं की यंदा पाटावर पाने ठेवायचे. घरात अवजारं म्हणावीत अशी तीच. आणि खरं सांगायचं तर आणखी एक होतं. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला दादा सोनं द्यायला येणार होता. त्याच्यासमोर सुनेचे काळे हात मला नको होते. पाने एकदा पाटावर गेले की काम बंद पडणार हे मला ठाऊक होतं. पूजलेल्या अवजाराला दसऱ्याची पूजा होईपर्यंत हात लावत नाहीत.

मी पाटी घेऊन पडद्यामागे गेले. "द्या सगळे पाने."

सून गाडीखालून म्हणाली, "आई, मी बोल्ट लावून राहिले ना. हातानंच फिरवले आहेत, आवळायचे बाकी आहेत. पाचच मिनिटं."

"मुहूर्त टळतोय. इंजिन काय पळून जातंय?"

"दे गं पोरी," मालक म्हणाले. "उद्या आवळू."

तिनं दिले. मी एकेक पाना फडक्यानं पुसला, हळद-कुंकू लावलं, झेंडू वाहिला. मुलगा तेव्हा कंपनीच्या कामासाठी बंगळूरला होता, त्याला फोटो पाठवला.

दसऱ्याच्या सकाळी मी सुनेला काठपदराची साडी नेसायला लावली. नखातलं काळं निघेना तर लिंबानं घासायला सांगितलं. आणि बजावलं, "हात पदराआड ठेव. मामांसमोर गाडीबद्दल एक शब्द बोलायचा नाही. थोरल्यांच्या बोलण्यात सुनेनं तोंड घालायचं नसतं. त्यांना काय सांगायचं ते आम्ही सांगू."

"बरं," ती म्हणाली.

दादा आला, सोनं दिलं, श्रीखंड-पुरी जेवला. मग मालकांनी त्याला गाडी दाखवली. गाडीला झेंडूचा हार घातला होता. दादा बॉनेटमध्ये डोकावला.

"एवढं मोठं इंजिन कुणी बसवलं हो, दाजी?"

मालक बोलायच्या आत मी म्हणाले, "पोरानं."

"तो तर बंगळूरला आहे ना?"

"फोनवरनं सांगत होता."

"वा! फोनवरनं इंजिन बसतंय तर फोनवरनं बहिणीलाही घाट चढवा की. मग, यंदा बसून यायचं का पायी?"

मी म्हणाले, "बसून. आत्ताच येते. तुला घरी पोचवायलाच येते."

सुनेनं माझ्याकडे पाहिलं. "आई, एक मिनिट..."

मी डोळे वटारले. मालकांनी किल्ली हातात घेतलीसुद्धा होती. दसरा, साडेतीन मुहूर्तांतला एक, गाडी सजलेली, मेव्हणा समोर उभा. एरवी कुणाची गाडी न्यायची तर टायर लाथेनं दाबून बघणारा माणूस, त्या दिवशी त्यांना काही आठवलं नाही. पाने घरात देवापुढे हळद-कुंकू लावून बसले होते.

दादा पुढे बसला, मी आणि सून मागे. घाट सुरू झाला. मी खिडकीची कड धरून बसले होते, न धरता बसायची सवय नव्हती. गाडी कुरकुरली नाही. वडाचं वळण आलं. मालकांनी सवयीनं आरशात पाहिलं. आरशात माझी आणि त्यांची नजर एक झाली.

"बसून राहा," ते म्हणाले.

दादा काही बोलला नाही. माझ्या आयुष्यात दादा काही बोलला नाही असा तो पहिलाच घाट. मी पाय पुढे केले आणि पाहिले. चपलेला धूळ नव्हती.

सून मात्र ताठ बसली होती. कान पुढे लावून. पुढच्या चढाला ती "बाबा, आवाज..." एवढं म्हणाली आणि पुन्हा माझ्याकडे बघून थांबली. तिसऱ्यांदा तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, ओरडलीच. "बाबा, थांबवा!" तेवढ्यात समोरून धाडकन आवाज आला, पत्रा फाटावा तसा, आणि बॉनेटखालून वाफ उसळली.

बोल्ट निसटले होते. इंजिन पुढे कलंडलं होतं आणि पंखा रेडिएटरमध्ये घुसला होता. पाणी रस्त्यावरून खाली, वडाच्या दिशेनं वाहत चाललं होतं.

आम्ही सगळे उतरलो. बोगदा वर दिसत होता. एसटी आली, हळू झाली, खिडक्यांतून तोंडं बाहेर आली. मी होते तिथंच होते, फक्त म्हातारी झाले होते.

"झालं! उतरलीस," दादा म्हणाला. "दाजी, बंगळूरला फोन लावा. काय करायचं ते सांगेल पोरगा."

मालक बॉनेट धरून उभे होते. कोणी फोन लावला नाही. सून हात साडीत लपवून उभी होती, मी सांगितलं होतं तशी.

"पोरानं ह्या गाडीला बोट लावलेलं नाही," मी म्हणाले. "इंजिन हिनं बसवलंय."

"हिनं?" दादानं तिला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. "तरीच निखळलं."

सून म्हणाली, "माझ्याकडून बोल्ट सैल राहिले, मामा."

तिनं तेवढंच सांगितलं. सैल का राहिले ते सांगितलं नाही. सांगण्यासारखं सगळं तिच्याकडे होतं. मला वरच्या बाईंचे टोमणे, पार्किंगमधले ते पाय, लुगड्याचा पडदा, कशाचीच त्या क्षणाएवढी लाज वाटली नव्हती.

"पाने मी पूजेला घेतले होते," मी म्हणाले. "ती पाच मिनिटं मागत होती. मघाशी निघताना सांगायला लागली तर मी गप्प केलं."

दादा हसायला लागला. हसता हसता त्याला खोकला आला. "म्हणजे बोल्ट आवळायला देवाला दिले होते का?"

त्याला जन्माची दुसरी पेन्शन लागली. लागू दे. मी सुनेला म्हणाले, "बघ गं, काही होतंय का."

तिनं पदर खोचला, वाकली, आत हात घातला. लिंबानं घासलेली नखं परत काळी झाली. "नाही होणार, आई. रेडिएटर गेला. कानही तडकला एक."

दादा पुढच्या एसटीनं गेला. आम्ही एका टेम्पोला हात केला. त्यानं दोर बांधून गाडी खाली ओढत आणली. मालक स्टिअरिंगवर बसले होते. इंजिन बंद, ब्रेक तेवढा त्यांच्या हातात. जन्मभर दुसऱ्यांना ठरल्या जागी पोचवलेला माणूस, स्वतःच्या गाडीत टेम्पोच्या मागे. त्यांनी एकदाही आरशात पाहिलं नाही.

फाटकाशी वरच्या बाई उभ्या होत्या. "अरे वा, मिरवणूक!" म्हणाल्या. मी त्यांना म्हणाले, "हो. आणि उद्यापासून पडदा नाही. बघायचं असेल तर खुर्ची आणा."

दुसऱ्या दिवशी मी पाने पाटीत घालून पार्किंगमध्ये नेले. सुनेनं वर पाहिलं नाही. "ठेवा तिथं," म्हणाली. बरेच दिवस ती माझ्याशी तेवढंच बोलत होती, आणि ते बरोबरच होतं. मालक तर मला काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. ते स्टूल टाकून बसायचे आणि पाने द्यायचे.

त्या मापाचा रेडिएटर लवकर मिळेना. जुन्या बाजारात सापडला तो गळका निघाला. तडकलेला कान परत करून आणावा लागला. दिवाळी गेली. सगळं जुळून आरटीओची तपासणी झाली तेव्हा संक्रांत होऊन गेली होती. मालक डोळ्याच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. मी विचारलं नाही. चपला काढताना भिंत धरली, त्यावरून कळलं. लायसन्स त्यांनी देवाच्या फळीवर ठेवलं, पुन्हा उचललं आणि कपाटात टाकलं.

मग एका रविवारी आम्ही घाटात गेलो. सून चालवत होती. मालक तिच्या शेजारी. मी मागे, एकटी, हवी तेवढी जागा. निघण्याआधी तिनं माझ्यासमोर एकेका बोल्टाला पाना लावून दाखवला. मी सांगितलं नव्हतं.

वडाचं वळण आलं आणि गेलं. सुनेनं आरशात पाहिलं नाही, तिला सवय नाही. गाडी चढत गेली, बोगद्याचं तोंड मोठं होत गेलं. मी बसून होते. मालकही बसूनच होते. मी मागून पाहिलं, प्रत्येक चढाला त्यांचा उजवा पाय पुढे जात होता आणि खालच्या रबरी पायपुसण्यावर दाबला जात होता. त्या बाजूला तिथं पेडल नसतं.

बोगद्याशी सून म्हणाली, "बाबा, पोचलो."

"हो," मालक म्हणाले. "चांगली चढली."

मला आता दादाकडे जायचं नव्हतं. मी मालकांना म्हणाले, गाडी वळवा.